जायला एसटी, यायला वडाप: एका डायलिसिस रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका शेतकऱ्याचं आहे. गाव, डेपो आणि रुग्णालय यांची नावं दिलेली नाहीत. शेतकऱ्याला तात्या म्हणू. वय एकसष्ट. बारा-पंधरा वर्षं साखर, जोडीला बीपी, आणि बरं वाटलं की गोळ्या बंद करायची सवय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाय सुजले, जेवण जाईना, रात्री आडवं झालं की धाप लागायची. तपासणीत दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेल्याचं निघालं आणि डायलिसिस, म्हणजे मशीनमधून रक्त साफ करून घेणं, सुरू झालं.

आजाराबद्दल एवढंच. पुढचं सगळं येण्याजाण्याबद्दल आहे. तात्यांना उपचाराला पैसे पडत नाहीत, एसटीचं तिकीट पडत नाही. तरी डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलेलं डायलिसिस ते दोनदाच घेत होते, सोमवारी आणि गुरुवारी. उपचार किती घ्यायचा हे डॉक्टर ठरवतो असा आपला समज. इथे ते एसटीच्या वेळापत्रकाने ठरवलं होतं. गावाकडच्या रुग्णाच्या भाड्याचा प्रश्न सरकारने बऱ्यापैकी सोडवलाय, पण त्याच्या वेळेचा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नाही, असं मला या प्रकरणावरून वाटतं.

कागदावर काय मिळतं

सवलतींची यादी पाहिली तर तक्रारीला जागा नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत केंद्रं उभी राहिली आणि गरीब रुग्णाला ही सेवा मोफत झाली. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. एसटीत सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीत शंभर टक्के सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट, बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे तात्या फुकट आणि सोबत जाणाऱ्या त्यांच्या पत्नी, काकू, निम्म्या तिकिटात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये तर रुग्णाला घरी परतण्याचं एकवेळचं भाडंही धरलेलं आहे, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं. ज्याने हे कलम घातलं त्याने गावाकडचा रुग्ण जवळून पाहिला असणार. फक्त ते दाखल होऊन, ऑपरेशन करून, बरा होऊन घरी जाणाऱ्यासाठी बेतलेलं आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, जन्मभर येणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

वेळांचं गणित

गाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत. फाट्यापासून तालुका एकोणीस, आणि तालुक्याहून रुग्णालयाचं शहर चोवीस. एकूण सेहेचाळीस, मध्ये गाडी बदलायची. गावात एसटीच्या दोन फेऱ्या होत्या. सकाळची सव्वानऊला गावातून सुटायची. दुपारची पावणेचारला तालुक्याहून निघून साडेचारला गावात यायची आणि लगेच माघारी फिरायची.

रुग्णालयात डायलिसिसच्या तीन पाळ्या आहेत: सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. एका रुग्णाला चार तास लागतात, आणि दोन रुग्णांच्या मध्ये मशीन धुऊन पुन्हा तयार करावं लागतं. त्यामुळे पाळीची वेळ ही काही मर्जीवर सरकवता येणारी गोष्ट नाही. हिपॅटायटिस असलेल्या रुग्णासाठी मशीन वेगळं ठेवावं लागतं, म्हणजे सगळी मशिनं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

सव्वानऊच्या गाडीने तात्या दहाच्या सुमारास तालुक्याला पोचायचे. साडेदहाची गाडी धरून साडेअकराच्या आत रुग्णालयात. इथवर सगळं व्यवस्थित. वजन, बीपी, सुया, आणि बाराला मशीन सुरू. चारला संपलं की लगेच उठता येत नाही. सुया काढलेल्या जागा दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायच्या, रक्त थांबलं की पट्टी, पुन्हा वजन, पुन्हा बीपी. बाहेर पडेपर्यंत साडेचार. पाचची गाडी पकडून पावणेसहाला तालुक्याच्या स्टँडवर उतरायचं, तर गावची गाडी दोन तासांपूर्वीच गेलेली.

सकाळची पाळी घ्यायची तर पहाटे पाचला गाव सोडायला हवं, आणि त्या वेळी गावातून दुधाची गाडी सोडून काही निघत नाही. संध्याकाळची पाळी रात्री नऊला सुटते, तिचा विचारच नको. जाण्याचा आणि उपचाराचा मेळ बसत होता, अडचण फक्त येण्याची होती. ही अडचण आकडेवारीत दिसत नाही, कारण गावात रोज एसटी येते का असं कुणी विचारलं तर उत्तर 'येते' असंच आहे.

वडाप

मग राहिलं वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी जीप. तालुक्याच्या चौकात जीप उभी असते. भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या जीपवाला करतो.

तात्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. रक्तवाहिन्या जोडून केलेली ही जागा, डायलिसिसच्या सुया तिथे टोचतात. वर बोट ठेवलं की आत बारीक थरथर लागते. ती थांबली तर रस्ता बंद झाला असं समजायचं आणि पुन्हा ऑपरेशनची तयारी करायची. म्हणून त्या हाताने पिशवी उचलायची नाही, त्यावर बीपी मोजायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. एसटीत तात्या डाव्या बाजूची खिडकी धरतात. हात पत्र्याकडे राहतो, कुणाचा धक्का लागत नाही. सकाळच्या फेरीच्या कंडक्टरला हे माहीत झालं होतं. ती खिडकी कुणी घेतली असेल तर तो स्वतः उठवायचा.

जीपमध्ये मधल्या सीटवर चौघं, मागे समोरासमोर सहा-सात जण. काकू तात्यांच्या डाव्या अंगाला बसायच्या आणि वळण आलं की कोपर पुढे काढून तो हात वाचवायच्या. "मशिनीवरनं उठल्यावर यांच्या तोंडावर रंग नसतो, पायात गोळं येत्यात, आन जीपवाला म्हंतो, सरका, अजून एक बसंल." डायलिसिसनंतर बीपी खाली येणं, पायात पेटके येणं हे नेहमीचं आहे. त्या अवस्थेत माणसाला सरळ झोपायचं असतं.

फाट्यावर उतरल्यावर तीन किलोमीटर उरतात. ओळखीची मोटारसायकल भेटली तर ठीक, नाहीतर फोन करून गावातली रिक्षा बोलवायची. पावसाळ्यात रिक्षावाला चिखलाचे वीस-तीस जास्त सांगतो, आणि त्याचंही काही चुकत नाही.

पैशाचं गणित

साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. २०२४ मध्ये टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होते. गाव ते तालुका चार टप्पे, तालुका ते शहर चार टप्पे. पूर्ण तिकीट सत्तरच्या आसपास, काकूंचं पस्तीस, तात्यांचं शून्य. म्हणजे दोघं सेहेचाळीस किलोमीटर पस्तीस रुपयांत जायचे. परत येताना शहर ते तालुका एसटीचे काकूंचे सतरा-अठरा. पुढे वडापचे माणशी चाळीस, रिक्षाचे दीडशे. घराच्या अलीकडच्या शेवटच्या बावीस किलोमीटरला दोनशे तीस रुपये!

एका खेपेचे पावणेतीनशेच्या वर जायचे. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला अडीच हजार, तीनदा म्हणजे पावणेचार हजारांजवळ. शिवाय काकूंचा रोजगार बुडायचा तो तीनशेचा. मुलगा पुण्यात कंपनीत कंत्राटी कामाला. त्याने पहिले दोन आठवडे गावातली जीप स्पेशल ठरवून दिली होती, थांबून परत आणायची, अठराशे रुपये. तीनदा जायचं तर महिन्याला तेवीस हजारांवर जातं. ते चालणारं नव्हतंच.

आठवड्यातली तिसरी पाळी तात्यांनी स्वतःच काटली. कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, दोनदा घेऊन बरं वाटतंय. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत शरीरात पाणी साठतं, ते प्रत्येक वेळी वजनावर दिसतं. तीनाचे दोन केल्यावर तात्यांचं वजन दर खेपेला तीन-साडेतीन किलोने वाढलेलं असायचं आणि तेवढं पाणी चार तासांत ओढून काढलं की पेटके ठरलेले. म्हणजे परतीचा प्रवास आणखी अवघड, आणि तो अवघड म्हणून तिसरी खेप आणखी नकोशी.

ना १०८, ना १०२

'मग रुग्णवाहिका बोलवायची की' हे वाक्य या प्रकरणात पुष्कळांनी ऐकवलं. १०८ ची सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली. ती अपघात, हृदयविकार, सर्पदंश, अडलेलं बाळंतपण अशा तातडीच्या कामासाठी आहे, आणि तशीच राहिली पाहिजे. १०२ गरोदर बायका, बाळंतिणी आणि आजारी तान्ह्या बाळांसाठी. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखाना, दवाखान्यातून मोठा दवाखाना आणि पुन्हा घर, असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास फुकट आहे. परतीचा विचार केलेली ही मला माहीत असलेली आपल्याकडची सगळ्यांत नेटकी योजना. तात्या दोन्हींत बसत नाहीत. त्यांचं काम तातडीचं नाही, फक्त न चुकवण्याचं आहे. ते चुकलं की दोन दिवसांत तोच माणूस १०८ चा रुग्ण होतो.

प्रवासाचा खर्च उपचार मोडतो हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. आदिवासी भागातल्या क्षयरुग्णाला प्रवासासाठी ७५० रुपये देतात, पण एकदाच. कुपोषित मूल दवाखान्यात ठेवलं तर आईबापाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. तुकडे सगळे आहेत. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत रुग्णाला ठरल्या वेळी दवाखान्यात नेऊन परत सोडणं हा उपचाराचाच भाग धरला जातो, आणि त्या सोयीचे मोठे लाभार्थी डायलिसिसचे रुग्णच आहेत. तिथे गाडी वेळेवर येत नाही ही ओरड कायम असते, ते सोडा. पण निदान गाडी पाठवायची जबाबदारी कुणाची हे तिथे ठरलेलं आहे.

आषाढीचा आठवडा

२०२४ ची आषाढी १७ जुलैला, बुधवारी होती. आषाढीला एसटी राज्यभरातून जादा गाड्या पंढरपूरला सोडते, अलीकडच्या वर्षांत हा आकडा पाच हजारांच्या घरात आहे. या गाड्या आकाशातून येत नाहीत. डेपोच्या रोजच्या फेऱ्यांतूनच काढाव्या लागतात, आणि काढताना आधी हात जातो तो आतल्या गावांच्या फेऱ्यांवर. त्यावर कुणाचा राग नाही. तात्यांच्या घरातही माळ आहे, त्यांची थोरली बहीण दरसाल वारीला जाते.

सोमवारी, १५ तारखेला, सव्वानऊची गाडी आली नाही. दहापर्यंत दोघं देवळाच्या कट्ट्यावर थांबली. गावच्या आशा सेविकेने, आशाताईंनी, डेपोला फोन लावला, तेव्हा फेरी रद्द असल्याचं कळलं. फाट्यापर्यंत चालत जाऊन वडाप धरलं असतं तर पोचायला एक वाजला असता आणि पाळी गेली असती. तात्या म्हणाले, गुरुवारी जाऊ.

मागचं डायलिसिस ११ तारखेचं. मंगळवारी रात्री, एकादशीच्या आदल्या रात्री, धाप सुरू झाली. आडवं होता येईना, बसूनही श्वास पुरेना. १०८ ला फोन केला. गाडी आली, वाटेत ऑक्सिजन लावला, पहाटे रुग्णालयात पोचले आणि तातडीने मशीनवर घेतलं. पोटॅशियम वाढलेलं होतं. त्यात हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस फार सूचना न देता जातो. तात्या वाचले, चार दिवस दाखल राहिले.

एक डॉक्टर, ऑक्सिजन आणि अख्खी रुग्णवाहिका रात्री सेहेचाळीस किलोमीटर धावली, आणि चार दिवस एक खाट अडली. हे सगळं एका रद्द झालेल्या फेरीपायी. हा खर्च डेपोच्या वहीत कधीच येत नाही, तो आरोग्य खात्याच्या वहीत येतो. दोन्ही वह्या एकाच सरकारच्या, पण त्या शेजारी ठेवून वाचणारा माणूस नेमलेला नाही.

डेपोत काय दिसतं

डेपोच्या खुर्चीत बसून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. या गावात एके काळी मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी साडेसातला तालुक्याहून सुटायची, रात्री गावात थांबायची आणि पहाटे पावणेसहाला निघायची. ती आज असती तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीवर एसटीचा संप सुरू झाला, नोव्हेंबरात बहुतेक डेपो बंद पडले, आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा म्हटल्यावर तो पुरता मिटला. त्याआधी कोविड. कोविडपूर्वी एसटीकडे सुमारे अठरा हजार गाड्या होत्या. पुढे त्या पंधरा हजारांच्या आसपास आल्या. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या वेळेत आल्या नाहीत. संपानंतर मोठ्या रस्त्यांवरच्या फेऱ्या आधी सुरू झाल्या, आतल्या गावांच्या एकेक करून, आणि मुक्कामी गाड्या शेवटी. या गावची आलीच नाही.

मुक्कामाचं आणखी एक कारण डेपोत खाजगीत सांगितलं जातं, आणि ते रास्त आहे. ड्रायव्हर-कंडक्टरला गावात झोपायला जागा नव्हती. ग्रामपंचायतीची खोली गळत होती, संडासाला कुलूप. दिवसभर घाट चालवलेल्या माणसाने रात्र गाडीतल्या सीटवर काढायची आणि पहाटे पुन्हा घाट उतरायचा, हे गावानेही कधी मनावर घेतलं नव्हतं.

दुपारच्या फेरीचं तसंच. पावणेचार ही वेळ कुणा प्रवाशाच्या सोयीने ठरलेली नव्हती. सकाळी सातला कामावर आलेल्या जोडीची ड्यूटी पाचच्या सुमारास संपली पाहिजे, तर शेवटची फेरी पावणेचारलाच सुटणार. ती सहाला न्यायची तर दुसरी जोडी लागते किंवा ओव्हरटाइम. आणि डेपोला वरून विचारणा होते ती भारमानाची, म्हणजे गाडी किती भरते याची, आणि किलोमीटरमागच्या उत्पन्नाची. त्या हिशेबात तात्या म्हणजे एक सीट, तीही सवलतीची.

काय बदललं

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुक्कामी गाडीचा विषय निघाला. तो एकमताने मंजूर होईल असं वाटत होतं, पण तसं झालं नाही. मुक्कामीला डेपो तयार होणार नाही हे सरपंचांना माहीत होतं, म्हणून त्यांनी पावणेचारची फेरी सहाला न्यावी अशी सूचना मांडली. त्यावर पेन्शन आणायला, बँकेत, बाजाराला सकाळच्या गाडीने जाणारी म्हातारी माणसं उठली. त्यांचं काम एकला उरकतं. पावणेचारपर्यंत ती कशीबशी स्टँडवर बसायची, आता सहापर्यंत बसायचं? पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट फुकट आहे म्हणून ही माणसं एसटीचीच वाट पाहतात, वडापला पैसे घालत नाहीत. एका आजोबांनी सरळ विचारलं, एका माणसासाठी साऱ्या गावानं ताटकळायचं का? सभेत कुणाला पटकन उत्तर सुचलं नाही.

वाट निघाली ती शाळेमुळे. गावातली आठवी ते बारावीची चौतीस मुलंमुली तालुक्याच्या शाळेत जातात. शाळा पाचला सुटते. पावणेचारची गाडी त्यांच्याही कामाची नव्हती. बरीचशी मुलं शेवटचे तास बुडवून ती पकडायची, आणि उरलेली पुन्हा वडाप. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, तो खिशात ठेवून त्या जीपला पैसे देत होत्या. मुख्याध्यापकांनी नावांची यादी आणि हजेरीचा तक्ता जोडून पत्र दिलं. त्याला ग्रामसभेचा ठराव आणि डायलिसिस केंद्राचं पत्र जोडलं. चौतीस पास म्हटल्यावर आगार व्यवस्थापकांनी कागद विभागीय कार्यालयाकडे पाठवला. रुग्णालयाचं पत्र एकटं गेलं असतं तर तेवढं वजन पडलं नसतं, असं मला वाटतं, आणि डेपोतल्या एका जुन्या माणसाने तसं बोलूनही दाखवलं.

गणपतीनंतर फेरीची वेळ बदलली: तालुक्याहून सहा वाजून पाच मिनिटांनी. रुग्णालयातल्या टेक्निशियनने आपल्या बाजूने वीस मिनिटं काढली. बारा वाजताच्या पाळीत तात्यांचं मशीन आधी तयार करून त्यांना अकरा-चाळीसला घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी कुठला आदेश लागला नाही, त्याने ते स्वतःहून केलं. पाचची गाडी आता धावत पकडावी लागत नाही. सहा-पाचच्या गाडीत मुलांचा गोंधळ असतो, पण डावी खिडकी मिळते, आणि गाडी थेट देवळापाशी येते. परतीचे दोनशे तीस रुपये सतरा-अठरावर आले.

आठवड्यातली तिसरी पाळी मात्र लगेच सुरू झाली नाही. तीनदा येणाऱ्यांचे दोन गट असतात, सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरु-शनि. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून शनिवारी सहा-पाचची फेरी नाही. त्यामुळे तात्यांना पहिल्याच गटात जागा हवी होती आणि तो भरलेला होता. जानेवारी २०२५ मध्ये जागा झाली. डायलिसिसच्या वॉर्डात जागा कशी होते हे तिथे बसणाऱ्या सगळ्यांना कळतं, त्यावर कुणी बोलत नाही.

त्याच महिन्यात, २५ जानेवारीला, एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. टीव्हीवर दिवसभर तीच बातमी होती. काकूंचं एकेरी तिकीट पस्तीसचं चाळीस झालं. त्यांना विचारलं, जड जातं का. "पाच रुपयं वाढलं तर वाढू द्यात, गाडी आली म्हंजे झालं." तीन खेपा सुरू झाल्यापासून वजनाची वाढ दोन किलोच्या आत राहते, पेटके कमी झाले, आणि तात्या शेतावर जाऊन बांधावर बसून सूचना देण्याइतके बरे आहेत. सूचना कुणी ऐकत नाही ही त्यांची हल्लीची मुख्य तक्रार.

काय अडलंय

सहा-पाचची फेरी शालेय फेरी म्हणून मंजूर आहे. शाळेला सुट्टी की फेरी बंद. २०२४ च्या दिवाळीत ती बंद होती, तेव्हा तात्या शहरात मेहुण्याकडे राहिले. नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाला गाड्या गेल्या, तेव्हाही दोन दिवस फेरी नव्हती. पण त्या वेळी आशाताईंनी डेपोला आधीच विचारून ठेवलं होतं आणि रुग्णालयाने पाळी एक दिवस अलीकडे घेतली. आषाढीला असाच एक फोन झाला असता तर ती रात्र टळली असती. फेरी रद्द करावी लागणं समजू शकतं. ती रद्द झाल्याचं रुग्णाला कट्ट्यावर बसून कळावं, हे मात्र समजत नाही.

रुग्णालयाने कोणत्या गावाचा रुग्ण कोणत्या दिवशी किती वाजता येतो याची यादी महिन्यातून एकदा डेपोला पाठवली, तर वेळापत्रक लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती राहील. याच केंद्रात त्याच तालुक्यातल्या आणखी तीन गावांचे रुग्ण येतात, आणि त्यातली दोन गावं याच रस्त्यावर आहेत. एकेका गावाचा एक रुग्ण म्हणून ते भारमानात दिसत नाहीत. एकत्र मोजले तर तीन दिवसांची एक फेरी त्यांच्या नावावर मागता येते. ही मोजणी कुणी करायची यावर गाडी अडली आहे. रुग्णालय म्हणतं आमचं काम उपचाराचं, डेपो म्हणतो आमच्याकडे मागणी आली पाहिजे. सध्या ती यादी एका आशाताईंच्या वहीत आहे.

मे २०२५ च्या सुट्टीसाठी ग्रामपंचायतीने पुन्हा अर्ज केला: सुट्टीतही सोमवार, बुधवार, शुक्रवार सहा-पाचची फेरी चालवावी. डेपोने तोंडी होकार दिला. पहिल्या आठवड्यात तिन्ही दिवस गाडी आली, दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस. लग्नसराईमुळे गाड्या कमी असल्याचं कारण मिळालं. मुक्कामाच्या खोलीवर ग्रामपंचायतीने नवा पत्रा घातलाय, संडासाचं कुलूप काढलंय आणि पाण्याची टाकी बसवलीय. तसं लेखी कळवून मुक्कामी गाडीची मागणी नव्याने केली आहे. विभागीय कार्यालयाकडून उत्तर आलेलं नाही.